मूळपुरुष सरदारच का निघतो?

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला मूळपुरुष हमखास घोड्यावर बसलेलाच सापडतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कुणाचा खापरपणजोबा शिवरायांबरोबर आग्र्याला गेलेला असतो, कुणाचा पानिपतावर पडलेला असतो, अगदी काही नाही तर निदान पेशव्यांच्या फडावर कारकून तरी असतोच. आता पेशवाईत कारकून पुष्कळ होते हे खरे. पण त्या काळी महाराष्ट्रात नांगर धरणारे, जाळे ओढणारे, घाणा फिरवणारे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे लोकही असणारच की नाही? मग त्यांची पतवंडे गेली कुठे? ज्याला त्याला सरदारच सापडत असेल तर त्या सरदारांच्या घोड्यांना चारा घालत तरी कोण होते?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा राहिलेला नाही, कारण गेल्या काही वर्षांत पूर्वजांचा शोध हा हौशी निवृत्तांचा विषय उरलेला नाही. एके काळी पेन्शनीत निघालेला एखादा काका कुलवृत्तांताचे काम अंगावर घेई, भाऊबंदांना छापील फॉर्म पाठवी, निम्मे भाऊबंद उत्तर देत नसत, आणि मग त्यांच्या शाखेपुढे 'माहिती मिळाली नाही' असे तीन शब्द कायमचे छापले जात. आता चित्र पालटले आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची माणसे आजोबा-पणजोबांच्या मागे लागली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, जुनी पाहणी पत्रके हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. पूर्वी मोडी येणारा माणूस लग्नकार्यात कोपऱ्यात बसे. आता त्याला फोनवर वेळ मागावी लागते.

हे सारे दाखल्यासाठी चालले आहे असे म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. एका ओळीची नोंद शोधायला गेलेला माणूस त्याच पानावरच्या दुसऱ्या ओळी वाचल्याशिवाय राहत नाही. आजोबाचे नाव शोधताना त्याच्या चार पाठच्या भावंडांची नावे दिसतात, त्यांतली तीन एकाच वर्षी गेलेली दिसतात. घरात कधी कुणी उच्चारही केला नव्हता अशी ही भावंडे. सरकारी दप्तर फार थोडे बोलते, पण बोलते ते खरे बोलते.

आमच्या अलिबागच्या टापूत, म्हणजे रेवसपासून खाली मांडवा, सासवने, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली अशी जी गावांची माळ लागते तिथे, हा शोध जरा जास्तच वळणावळणाचा आहे. पहिली अडचण नावाचीच. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. मुंबईच्या दप्तरात 'रायगड' म्हणून शोधत बसणाऱ्याला काही हाती लागत नाही, आणि 'कुलाबा' म्हटले की अनेकांना मुंबईतला दांडीचा कुलाबाच आठवतो. त्याच्या मागे गेले तर १८४० पर्यंत हा मुलूख आंग्र्यांचा. म्हणजे पणजोबाचा पणजोबा इंग्रजांचा रयत नव्हे, पेशव्यांचाही थेट नव्हे. त्याचा सारा आंग्र्यांच्या खजिन्यात जायचा आणि हातात असायचा तो अलिबागी रुपया.

आणि समुद्र! जमिनीवरच्या माणसाची नोंद राहते, कारण जमिनीवर सारा बसतो. पाण्यावरच्या माणसाची कशी राहणार? १६७९ साली खांदेरीवर तटबंदी उठत होती. इंग्रजांची गुराबे बेट अडवून बसली होती, आणि रात्रीच्या अंधारात, पावसाळी पाण्यात, किनाऱ्यावरून लहान होड्या दगड-दाणागोटा घेऊन बेटावर जातच होत्या. त्या प्रसंगातले मायनाक भंडारी हे नाव इतिहासात राहिले. होड्या वल्हवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. थळ ते रेवस या पट्टीतल्या कोळ्या-भंडाऱ्यांच्या घरांत त्यांचेच रक्त असणार हे उघड आहे. पण कुठल्या घरात, हे कोण सांगणार?

तिथून जवळ यायचे तर १७ जुलै १९४७ या तारखेपाशी थांबावे लागते.

रेवस बंदराचे नाव उभ्या महाराष्ट्राला माहीत झाले ते या दिवसामुळे. 'रामदास' ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनीची ही बोट. गोऱ्यांच्या कंपन्यांना टक्कर देणारी ही देशी कंपनी लोकांना इतकी आपली वाटे की तिला 'माझी आगबोट कंपनी' असेच म्हणत. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्या म्हणजे गटारीचा मुहूर्त, त्यामुळे गिरणगावातले, गिरगावातले चाकरमाने घरी निघालेले. कुणाच्या पिशवीत पोरांसाठी खाऊ, कुणाच्या हाताशी नवी छत्री. आकाश अंधारले, वारा सुटला, लाटा उठल्या. काशाच्या खडकाजवळ पाणी एका बाजूने आत आले, माणसे घाबरून दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

दुपार उलटून गेली तरी मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. तरंगत, पोहत किनाऱ्याला लागलेल्या एका लहान मुलाकडून बातमी शहरात फुटली. पण त्याच्या आधीच, कुणी बोलावल्याशिवाय, एक मदत पोचली होती. रेवस-बोडणीचे कोळी त्या सकाळी पापलेटांनी भरलेल्या होड्या घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. पाण्यात माणसे दिसल्यावर त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि होडीत माणसे भरली असे सांगतात. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांनी वाचवले, हा आकडा आजही तोंडातोंडी आहे.

ही मासळी फेकणे म्हणजे काय, हे बाजारातून पापलेट आणणाऱ्याला चटकन उमगत नाही. आषाढ म्हणजे दर्या खवळलेला, नारळी पौर्णिमा अजून पुढे. त्या दिवसांत दर्यात जाळे टाकणे म्हणजे जिवावरचा धंदा, आणि म्हणूनच त्या मासळीला भाव. होडीवर, जाळ्यावर, घरातल्या डाळतांदळावर सावकाराचे कर्ज असायचे. ते सगळे एका क्षणात पाण्यात गेले. नाखव्याने तांडेलाला विचारले असेल का, की आधी किती टाकायचे? मला वाटते, असे काही झाले नसावे. खवळलेल्या पाण्यात बुडणाऱ्या माणसाला होडीवर ओढून घेणे हे स्वतः उलटण्याला आमंत्रण असते. तो घाबरलेला असतो, कडेला लटकतो, होडी तिरकी होते. हे कोळ्याच्या पोराला आईच्या दुधाबरोबर माहीत असते. माहीत असूनही त्यांनी एकामागून एक माणूस आत घेतला.

आता मुद्दा असा की या होड्यांवर नेमके कोण कोण होते? नाखवे कोण, तांडेल कोण, खलाशी कोण? 'रामदास'वर पुष्कळ लिहिले गेले. बोटीची बांधणी, कप्तान, चौकशी, कंपनीचा दोष, सगळ्यावर. बांधणी १९३६ सालची, स्वॉन हंटरची, हे आपल्याला तोंडपाठ. होड्या कुणाच्या होत्या हे मात्र 'रेवसचे कोळी' या दोन शब्दांत आटपते. दोन शब्दांत आटपलेल्या या माणसांची नातवंडे आज रेवसला, बोडणीला राहतात. एकदा जेटीवर एका म्हाताऱ्या कोळ्याला मी याबद्दल विचारले. त्याचा बाप त्या दिवशी दर्यात होता. 'त्यान काय सांगाचा?' एवढेच तो म्हणाला आणि जाळ्याचा फाटका डोळा शिवू लागला. बढाई म्हणून नाही आणि विनय म्हणूनही नाही. त्याच्या लेखी ते सांगण्याजोगे नव्हतेच. पाण्यात माणूस दिसला तर काढायचा, यात गोष्ट कुठली? ज्या घराण्यात एखादा पणजोबा कुठल्या तरी लढाईत दोन दिवस हजर होता, ते घराणे त्याची तसबीर दिवाणखान्यात लावते. इथे मात्र सांगण्याजोगे काही नाही, म्हणून नावही नाही.

आणि गेलेल्यांची घरे? ज्या घरातला माणूस त्या बोटीत होता त्या घराला आषाढातली अमावास्या पुढे सणाची राहिली नाही. वंशावळीत त्याचे नाव येते, पुढे रेघ ओढलेली नसते. वीस-बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला. वंश पुढे चालला नाही की कुलवृत्तांताच्या दृष्टीने माणूस संपतो. वंशावळ हे झाड असते असे म्हणतात. पण ते फक्त फळ धरलेल्या फांद्यांचे झाड असते.

ते फक्त पुरुषांचे झाडही असते. हिशेब करून पाहा. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणज्या-पणजोबा. असे दहा पिढ्या मागे गेले, म्हणजे साधारण अडीचशे वर्षे, तर तिथे १,०२४ पूर्वजांच्या जागा भरतात. (मामाची मुलगी करण्याच्या आपल्या चालीमुळे त्यांतली काही माणसे दोनदोनदा मोजली जातात, ते सोडा.) कुलवृत्तांत या १,०२४ जणांपैकी एकाच्या मागे जातो. बाकीचे १,०२३ कुणाचे? त्यांतल्या निम्म्या बायका. त्यांचे माहेरचे नाव लग्नात तांदळावर कोरलेल्या नव्या नावाखाली गाडले गेले, आणि वंशावळीत उरली ती 'पत्नी : माहेर अमुक' एवढी अर्धी ओळ. तुमच्या खापरपणजीचा बाप खांदेरीला दगड घेऊन गेला असेल, पण आडनाव बदलले, तेव्हा तो आता तुमचा कुणी नाही.

आडनावावरून आठवले. या किनाऱ्यावर आडनावाने गाव जपून ठेवण्याचे काम कुणी केले असेल तर ते बेने इस्रायल लोकांनी. आवासकर, केहीमकर, झिराडकर, नवगावकर, चेउलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. यांतली कितीतरी गावे रेवसहून सायकलवर जाता येण्याजोगी. त्यांची परंपरा अशी की नवगावजवळ फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, सात जोडपी वाचून किनाऱ्याला लागली, आणि बुडालेल्यांना नवगावातच पुरले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ग्रंथ बुडाले होते, भाषा विसरली होती, पण शनिवार विसरले नव्हते.

या समाजातून पुढे माणसे निघाली ती पाहा. आंग्र्यांच्या आरमारात नाईकपदापर्यंत पोचलेले आरोन चुरीकर. कंपनीच्या फौजेत गेलेले, टिपूच्या कैदेतून सुटलेले आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. आणि हाईम सॅम्युअल केहीमकर. मला या तिघांत सर्वांत जवळचे वाटतात ते केहीमकर, कारण त्यांनी लढाई केली नाही, चोपड्या लिहिल्या. मुलांची शाळा काढली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, घरोघरचे कागद पाहून, साऱ्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये पुरा झाला. छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते आणि लेखक १९०८ मध्येच वारले होते. किहीमच्या नावाचा माणूस, किहीमच्या माणसांचा इतिहास, आणि तो छापायला समुद्रापलीकडचे गाव.

१९४८ नंतर यांतली बहुतेक घरे इस्रायलला गेली. तिथे मराठीत 'मायबोली' नावाचे नियतकालिक त्यांनी चालवले. त्यांची नातवंडे आता इकडे येतात. अलिबागच्या इस्रायल आळीत उतरतात, नवगावची दफनभूमी पाहतात, खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या टापाचे दर्शन घेतात आणि मग आडनावातले गाव शोधायला निघतात. गावात पोचल्यावर पाहण्यासारखे काही नसते. घाणा नाही, घर नाही, एखादी विहीर कुणीतरी दाखवते. तरी ती माणसे विहिरीत वाकून पाहतात.

२०१६ साली या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे की यांचे पूर्वज ज्यूही आहेत आणि इथलेही आहेत, दोन्ही भरपूर प्रमाणात. म्हणजे परंपरेतली सात जोडपी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला या किनाऱ्यावरची, कुठल्याही वंशावळीत नाव न आलेली माणसे. आता गंमत पाहा, शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अनाम इथल्या पूर्वजाचा एक वंशज आज रेवसला जाळे विणत असेल आणि दुसरा अश्दोदला बस चालवत असेल. अलिबाग हे नाव ज्याच्या बागांवरून पडले म्हणतात तो अली मुसलमान होता असे एक सांगतात, बेने इस्रायल होता असे दुसरे सांगतात. पूर्वज श्रीमंत असला आणि त्याने विहिरी खोदलेल्या असल्या की त्याला वारस पुष्कळ मिळतात.

ज्यांनी विहिरी खोदल्या नाहीत, नुसते उपास काढले, त्यांचे काय? पोयनाडच्या बाजूला चरी गाव आहे. १९३३ पासून १९३९ पर्यंत चरी आणि भोवतालच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉक्टर आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. हे आपण वाचतो. पण सहा वर्षे भात न पिकवता त्या घरांत चूल कशी पेटली? लाकडे फोडून, खाडीतले चिंबोरे-निवट्या धरून. हे ज्या बायकांनी केले त्या कुणाच्या तरी आज्या-पणज्या आहेत. १९४८ चा कुळकायदा आला, १९५७ च्या १ एप्रिलला कूळ मालक झाले, आणि आजोबांच्या नावे सातबारा झाला. तो फेरफार म्हणजे त्या उपासांची पावतीच. आज त्यावर नजर टाकणाऱ्याला त्यात फक्त गुंठे दिसतात.

कारण आमच्याकडे वंशावळ काढण्याचे हल्ली खरे निमित्त जमीन विकणे हे आहे. मांडवा-आवासच्या बाजूला मुंबईचा पैसा उतरला. रेवस-करंजा पुलाचे बोलणे पिढीभर चालले होते, आता तो होतो आहे. पूल झाला की रेवसचाही भाव चढणार. व्यवहार ठरला की वकील वारस मागतो, आणि मग तीस वर्षे न बोललेल्या आतेला शोधत माणसे घाटकोपरला जातात. तलाठ्याकडे प्रतिज्ञापत्र होते, सगळ्यांची नावे क्रमाने लिहिली जातात, अगदी मयत आणि बिनवारस म्हणूनही. खरे तर यापेक्षा पुरी वंशावळ कुठल्याही कुलवृत्तांतात नसते, कारण इथे मुलींचीही सही लागते. पण सही झाली की कागद फायलीत जातो आणि आत्या पुन्हा घाटकोपरला. ती आत्या चहा पिताना काहीतरी सांगत असते, आजोबांची, बोटीची, कुणा चुलत्याची, पण सगळ्यांचे लक्ष नोटरी किती वाजता येणार याकडे.

मी जमीन विकू नका म्हणत नाही. खारे पाणी शिरून नापीक झालेल्या शेतात बसून राहा, असे सांगण्याचा मुंबईत पगार घेणाऱ्याला अधिकार नाही. पण त्या निमित्ताने नावे गोळा होतातच आहेत, तर नावापुढे एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

सासवन्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचे घर आहे. १८९१ चा त्यांचा जन्म. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवरायांचे चित्र रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरने पाहिले आणि त्या पोराला जे. जे. त धाडले. पुढे पुण्याचा अश्वारूढ शिवाजी त्यांनी घडवला. पण घरातल्या संग्रहात फिरताना माणूस थबकतो तो कोळीण, शंख फुंकणारा, म्हातारीकोतारी अशा गावच्या माणसांपुढे. ही त्यांच्यासमोर बसलेली साधी माणसे. गावातल्या एखाद्याला तिथे आपल्या आजीचा चेहरा सापडू शकतो. घोड्यावरच्या मूळपुरुषाचा चेहरा मात्र कुणालाच माहीत नसतो, तो कॅलेंडरवरून घ्यावा लागतो.

रेवसपुरते बोलायचे तर काम फार मोठे नाही. १९४७ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला त्या सकाळच्या होड्या आठवत असतील, निदान बापाकडून ऐकलेल्या असतील. रेवस आणि बोडणी मिळून किती घरे? शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना प्रत्येकी पाच घरे वाटून दिली, एक वही दिली आणि विचारायला सांगितले, की त्या दिवशी तुमच्या घरातले कोण दर्यात होते, होडी कुणाची, तांडेल कोण, किती माणसे आणली, त्यांतले कुणी नंतर भेटायला आले का, तर एका सुट्टीत होण्यासारखे आहे. नावे दोन सांगतील, चार सांगतील, एकाच होडीवर तीन घरे हक्क सांगतील. भांडण होईल ते होऊ द्यावे आणि तिन्ही घरांची नावे लिहून घ्यावीत. पोरींना आवर्जून पाठवावे; म्हाताऱ्या बायका पोरांपुढे जे बोलत नाहीत ते पोरींपुढे बोलतात. आणि ही चौकशी आषाढातल्या अमावास्येच्या आधी नको, नंतर करावी. त्या दिवशी काही घरांत अजून पान वाढलेले असते.